पाणचक्की गल्ली, घर नंबर चौदा

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी जुन्या जकातघराचं दार ढकललं, तेव्हा काचेच्या पेटीत चार कागद असायला हवे होते. तीनच होते. पण ते तीन इतक्या टापटिपीनं मांडलेले, अंतरं इतकी सारखी राखलेली, की चौथा कधी नव्हताच असं वाटावं. पेटीला कुलूप होतं. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला, रोजच्या जागी.

"मास्तर," मी म्हणाले, "आमच्या गल्लीचा कुठाय?"

सेरेदाश मास्तर पोट घेऊन शिडीवर चढले होते. हातात भिंतीवर लावायचा नकाशा. सीमेची रेघ आमच्या किशपेरेश गावाच्या मधून कशी गेली, एकोणीसशे वीस साली निम्मं गाव पलीकडच्या देशात कसं पडलं, ते दाखवणारा. खाली उतरून त्यांनी पेटीत पाहिलं, आणि नकाशा हातातून सुटला.

"काल संध्याकाळी होता, नेनी. देवाशपथ होता." नेनी म्हणजे मावशी; गावात मला सगळे तेच म्हणतात.

रविवारी याच जकातघरात गावाच्या इतिहासाचं दालन उघडायचं होतं. मास्तर बुडापेश्टचे. इथं येऊन बारा वर्षं झाली आणि आमचा इतिहास आम्हालाच शिकवायला लागले. पण या माणसानं एक काम केलं होतं. नगरपालिकेच्या माळ्यावर, कबुतरांच्या घाणीखाली, त्यांना पन्नास सालच्या याद्या सापडल्या. सीमेवरची कुठली घरं सरकारनं उचलून होर्तोबाजच्या माळावर सक्तमजुरीला पाठवायची, त्याच्या. दर गल्लीला एक कागद, गल्लीतल्याच कुणाकडून लिहून घेतलेला.

आमचं घर उचललं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जून महिना, पहाट. लॉरी आली, साहेब उतरला, हातात कागद. माझा बाप बालिंत कोर्मोश हा सुतार. दारं, चाकं, थडग्यांवरचे लाकडी क्रूस, सगळं त्याच्या हातचं. पाद्र्याशी भांडणारा, तलाठ्याशी भांडणारा माणूस. त्यानं कागद बघायला मागितला, बघितला, आणि एक अक्षर न बोलता कोट चढवला. तीन वर्षं आम्ही मेंढवाड्यात राहिलो. आई दुसऱ्या हिवाळ्यात गेली. माझी धाकटी बहीण विल्मा तिच्याआधी, पोटाच्या आजारानं. बाप परत आला, पण तोंड उघडलंच नाही त्यानं. अठ्ठावन्नमध्ये तसाच गेला.

आणि आता माझा थोरला भाऊ आबेल चालला होता. फुफ्फुसं गेलेली, डॉक्टरनं आठवडा दिलेला. बुधवारी मी त्याला सांगून बसले होते की रविवारपर्यंत दम धर, आपलं घर कुणी लिहून दिलं ते कागदावरच दिसणार. साठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या डोळ्यांत भूक बघितली. जेवणाची नाही, ते नाव कागदावर बघायची.

पोलीस चौकीतला पोरगा म्हणाला, "नेनी, हरवलं काय तर कागद. तोही माझ्या आजोबांच्या वेळचा!"

"तुझा आजोबा तरी हरवला असता तर बरं झालं असतं," मी म्हणाले, आणि शोध माझ्याच अंगावर घेतला.

२

मास्तरांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं.

"तुम्ही वाचला होता ना तो? सांगा. कुणाची सही?"

"सही फक्त नगरपालिकेच्या त्या वेळच्या अध्यक्षाची. चारही कागदांवर, मंजूर म्हणून. लिहिणाऱ्याचं नाव नाही. ज्यांना उचलायचं त्यांचीही नावं नाहीत. नुसते घर नंबर. नावं उचलून नेल्यावर जिल्ह्याला भरली." त्यांनी वही काढली. "हे बघा, मी मजकूर उतरवून घेतलाय. पाणचक्की गल्ली, घर नंबर चौदा. माणसं सहा. घोडे दोन. मळणी यंत्र एक. तारीख वीस एप्रिल."

"थांबा. आम्ही पाच होतो. घोडा म्हणाल तर बापजन्मी नव्हता. एक गाय होती, तीही लंगडी."

"तुम्हाला बडे शेतकरी ठरवायला वाढवून लिहिलं असेल, उचलायला तेवढं कारण पुरायचं. तेव्हा असं फार व्हायचं."

हे मला पटलं. खोटं लिहिणारा दोन घोडे कशाला सोडतो!

"अक्षर कसं होतं?"

"शिसपेन्सिलीचं. विचित्र होतं खरं. उभी रेघ बोटाएवढी रुंद, आडवी केसाएवढी बारीक. हात थरथरत असावा लिहिणाऱ्याचा."

"आणि काल इथं कोण कोण आलं?"

"महापौर आले झेंडे टांगायला." मास्तरांनी चष्मा पुसला. "आणि झाडायला ती नेहमीची."

"नाव घ्या की. नाव घेतलं म्हणून जीभ जळत नाही."

"मिल्का वुकोविच."

मी उठलेच. मिल्का वुकोविच! आमच्या गल्लीच्या टोकाला, सीमेच्या दगडाजवळ जे मोठं घर आहे, त्यातली. पन्नास साली सगळ्या गल्लीत श्रीमंत घर तेच, आणि लॉरी आली ती त्यांना सोडून आमच्याकडं. का, ते गावाला सांगावं लागलं नाही. दुसऱ्याचं घर दाखवून स्वतःचं वाचवलं. चुगलखोर म्हणून गावानं त्या घरावर थुंकायचं तेवढं थुंकून घेतलं. मिल्काला कुणी मागणी घातली नाही. आज त्र्याहत्तर वर्षांची आहे, एकटी आहे, लोकांच्या फरशा पुसते.

पण चोराला पकडायचं तर आधी दुसरा उंदीर बिळात नाही ना हे बघावं लागतं. म्हणून मी महापौराकडं गेले.

३

ओत्तो पिंतेर, आमचा महापौर, माशाचं कालवण खात होता. पन्नास सालचा अध्यक्ष म्हणजे याचाच बाप. त्यानं मला बघितलं आणि चमचा ठेवला.

"बसा, फ्रुझी नेनी. कालवण घ्या."

"तुझ्या घरचं पाणीही नको. कागद कुठाय?"

तो हसला. दांडगा माणूस आहे, हसला की टेबल हलतं. "मी चोरला असता तर चारही चोरले असते ना! चारहींवर माझ्या बापाची सही आहे. एक नेऊन तीन ठेवणार? मी लठ्ठ आहे नेनी, मठ्ठ नाही."

हे खरं होतं. शिवाय त्या पेटीतली ती सारखी अंतरं. याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली असतात. याच्यानं नाही व्हायचं ते.

"तुझ्या बापानं आम्हाला का उचललं?"

"त्यानं नाही. जिल्ह्याची माणसं आली, बाहेरची, गावातलं काही माहीत नसलेली. हातात फक्त नंबर. बाप म्हणायचा, त्या दिवशी मी गावात नव्हतो." त्यानं पाव तोडला. "माझा बाप एकाच गोष्टीची फुशारकी मारायचा, पाट्यांची. तुमच्या गल्लीचे नंबर तेरापासून सुरू व्हायचे ना? पाणचक्की आणि पहिली बारा घरं पलीकडं गेली, तरी तुम्ही लोक तीस वर्षं तेरापासूनच मोजत बसला. बाप म्हणायचा, ही गल्ली नाही, मागणी आहे. दाराच्या पाटीवर लिहून बसलेत, आमची बारा घरं द्या. त्यानं नवे नंबर दिले, एकपासून. साहेबलोक खूश!"

"पाट्या कोणी बदलल्या ते मला नको सांगू, माझ्या भावाला आठवडा नाही उरला."

"मग वेळ कशाला घालवता? सगळ्या गावाला माहीत आहे कुणी केलं ते." त्यानं चमच्यानं सीमेच्या बाजूला दाखवलं. "तिनंच नेला असेल. आणखी कोण?"

मी निघाले. मनात आलं, सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट लपवायला कुणी कागद कशाला चोरेल? त्यावर नाव तर नव्हतंच.

४

आबेल उशांना टेकून बसला होता. खिडकीबाहेर माझ्या सुनेनं मिरच्यांच्या माळा बांधल्या होत्या, तिच्या गाठी नेहमी सैल. मी आत गेले तसा तो म्हणाला, "नाव?"

"नाव नाही कागदावर. कागदही नाही."

"वुकोविचनं नेला."

"असेल. तू श्वास घे आधी."

मी त्याला मजकूर सांगितला. सहा माणसं, दोन घोडे, मळणी यंत्र. तो खोकत हसला. "मळणी यंत्र! आपल्याकडं? बापाकडं रंधा होता, तोही उसना." मग थांबून म्हणाला, "गल्लीत मळणी यंत्र एकाच घरी होतं, फ्रुझी."

मी त्याच्या पाठीमागची उशी सरळ केली.

"आणि चौदा," तो म्हणाला, "चौदा तर आपण तेव्हा नुकतेच झालो होतो."

"म्हणजे?"

"अगं, पाट्या! नवीन पाट्या ठोकल्या त्या मे महिन्यात. एक मेची मिरवणूक झाल्यावर. ठोकायचं काम नगरपालिकेनं बापालाच दिलं होतं, सुतार तोच ना. मी पंधरा वर्षांचा. बाप खिळा मारायचा, मी पाटी धरायचो. एका दिवसात सगळी गल्ली."

"तारीख वीस एप्रिल आहे," मी म्हणाले.

"कसली?"

मला पाटीवरचं गणित जमत नाही, पायांचं जमतं. डोक्याला रुमाल बांधला आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागले.

"कुठं चाललीस?" आबेल ओरडला. "फ्रुझी! नाव सांगून जा!"

५

आमची गल्ली सोपी आहे. एका बाजूला कालवा, एका बाजूला घरं. चुकायला जागा नाही. मी सीमेच्या दगडाला हात लावला. पलीकडं गवत, गवताच्या पलीकडं पाणचक्कीचं पडकं धुराडं. तिथून सुरुवात होती पूर्वी. एक ते बारा पलीकडं.

पहिलं घर. तेरा.

दुसरं घर.

मी उभी राहिले. फाटकावरची पाटी सांगत होती दोन. पण एप्रिल पन्नासमध्ये ही पाटी नव्हती. तेव्हा गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं की या घराचा नंबर चौदा. आणि मळणी यंत्राचा पत्र्याचा सांगाडा अजून त्या अंगणात होता, त्याला घेवड्याचे वेल चढलेले.

लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलंच नव्हतं. सहा माणसं, वुकोविचांची सहा. दोन घोडे, त्यांचे दोन. त्यानं वुकोविचांचं घर लिहून दिलं होतं. मग मे आला, पाट्या फिरल्या, आणि जूनमध्ये बाहेरून आलेल्या माणसांनी चौदाची पाटी शोधली. ती आमच्या फाटकावर होती.

म्हणजे चुगलखोर वुकोविच नव्हते. कुणी स्वतःचंच घर लिहून देत नाही. साठ वर्षं आम्ही ज्या दारावर थुंकलो, तेच घर मुळात कागदावर होतं.

मग मिल्कानं तो कागद का चोरला? तिनं तर तो छातीशी धरून बाजारात नाचवायला हवा होता!

फाटक आतून उघडलं.

"आलीस?" मिल्का म्हणाली. "मला वाटलं शनिवार उजाडेल."

६

साठ वर्षांत मी तो उंबरा ओलांडला नव्हता. आत स्वच्छ होतं. कपाटातले पेले एका ओळीत, मोजूनमापून.

"कागद दे."

"बस तरी. तुझा आवाज उभ्यानं फार चढतो."

"माझ्या आवाजाचं तू बघू नको. मिल्का, कागदावर तुमचं घर आहे. मला कळलंय."

"तेवढंच कळलंय?" तिनं मला नीट बघितलं. मग प्रार्थनेच्या पुस्तकातून कागद काढला आणि मेजावर ठेवला.

मी मजकूर वाचलाच नाही. रेघा बघितल्या. उभी रुंद, आडवी बारीक. थरथरत्या हाताच्या नव्हत्या त्या. चपट्या पेन्सिलीच्या होत्या. सुताराच्या. ती पेन्सिल गोल नसते, चपटी असते, फळीवरून घरंगळू नये म्हणून. अशाच अक्षरात मेंढवाड्यामागं एका फळीवर विल्माचं नाव होतं, आणि नंतर आईचं. गल्लीत सुतार एकच होता.

"नाही," मी म्हणाले.

"त्याला तीन दिवस तळघरात ठेवलं होतं," मिल्का म्हणाली. "गल्लीतलं एक घर दे, नाहीतर पोरगा देतोस का, असं तिथं नेलेल्या प्रत्येकाला विचारायचे. आबेल पंधराचा होता. तिसऱ्या दिवशी सोडला तेव्हा चालता येत नव्हतं. माझ्याच बापानं आमच्या गाडीत घालून त्याला तुमच्या दारी आणून सोडला. तो वाटभर रडत होता. का, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही; मला ते पेटी पुसताना, ही पेन्सिल बघून कळलं."

आम्हाला घरी सांगितलं होतं, मचाणावरून पडला.

"त्या पहाटे," मी म्हणाले, "त्यानं कागद बघितला होता. त्याला कळलं होतं. तो नुसतं म्हणाला असता की चूक आहे, ते घर खाली आहे, तर…"

"तर लॉरी आमच्या दारात आली असती. हो."

"मग तो का नाही बोलला? तुमची लाज वाटली म्हणून? का त्याला वाटलं, त्याच्या पापाचं…"

"मला काय विचारतेस? तुझा बाप, तुला माहीत." तिनं हात मांडीवर घट्ट धरले. "माझ्या बापाचं मला माहीत आहे. लॉरी या टोकानं आली. आमचं फाटक आधी. साहेबानं विचारलं, चौदा कुठलं? बाप म्हणाला, वर, पाटी बघा. मग साहेबानं कागद वाचला, सहा माणसं, दोन घोडे, मळणी यंत्र, तेच ना? मी बापाच्या मागं उभी होते. मळणी यंत्र त्याच्या पाठीमागं अंगणात होतं, फ्रुझी, ताडपत्रीखाली. त्यानं मान डोलावली. म्हणाला, हो, तेच."

बाहेर कुणाचीतरी सायकल गेली.

"मग चोरलास कशाला?"

"तुझ्यावर दया म्हणून नाही, उगाच डोळे ओले करू नको. मी भ्याले. तू रविवारी पेटीपाशी येणार, पेन्सिल ओळखणार, मग मोजत मोजत इथं येणार. आणि मला ती मान सांगावी लागणार. चुगलखोराची पोर हे खोटं होतं, म्हणून सोसवलं. हे खरं आहे."

मी कागद उचलला. दारात तिनं हाक मारली.

"आबेलला सांग, आम्हीच होतो. काय बिघडतं? आम्हाला सवय आहे."

"कोर्मोशांना वुकोविचांची भीक नको," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. सुचलं नाही.

७

वाटेत ठरवत गेले की सांगायचं नाही. पण तोंड उघडलं तर खरंच बाहेर पडलं. आजवर तेच करत आलेय, आणि त्याचा मला गर्व होता.

आबेलनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही खोकला नाही. कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, अक्षरावरून अंगठा फिरवला.

"आपल्या फाटकावरची पाटी," तो म्हणाला, "ती मी वाकडी धरली होती. बाप मला म्हणाला, सरळ धर रे, लोकांना घर सापडलं पाहिजे."

"गप्प पड आता."

"माझ्यासाठी केलं त्यानं? पोरगा का घर?"

"हो."

"मग विल्मा कुणासाठी गेली?" तो भिंतीकडं वळला. तिकडं बघतच म्हणाला, "दगडावरचं माझं नाव काढ."

आमच्याकडं जागा आधी घेऊन ठेवतात. बापाच्या दगडावर त्याच्या नावाखाली आबेलचं नाव आणि जन्मसाल, त्याखाली माझं, पंचाऐंशी सालीच कोरून घेतलेलं. मरणाचं साल तेवढं मोकळं.

"काढ. मला त्याच्याशेजारी नको. मिल्काच्या बापाच्या, लाझार वुकोविचच्या शेजारीही चालेल, पण तिथं नको. वचन दे."

"देते," मी म्हणाले.

तो शनिवारी दुपारी गेला. साठ वर्षं वुकोविचचा द्वेष करून तो जगला होता. मी तोच काढून घेतला, आणि द्यायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

रविवारी दालन उघडलं. कागद मी माझ्या हातानं पेटीत ठेवला. मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुस्तकात घालायला पुरावा लागतो, नेनी, दोन म्हाताऱ्यांच्या आठवणीवर छापता येत नाही. महापौराला सांगितलं; तो म्हणाला, आता कशाला. बाजारात सांगितलं, तर बायका एकमेकींकडं बघून म्हणाल्या, भावाच्या दुःखानं बिचारीचं डोकं फिरलंय, नाहीतर ही वुकोविचांची बाजू घेईल? शाळेची पोरं रांगेनं येतात, सीमेवर पेरलेल्या सुरुंगाचं गंजकं टोपण बघतात, निघून जातात. कागद वाचतं कोण!

पुरायच्या दिवशी मिल्का आली. लोकांनी तिच्या दोन्ही बाजूंना माणूस मावेल एवढी जागा सोडली. मी तिकडं जाऊन उभी राहू शकले असते. मुलगे होते, सुना होत्या, सगळं गाव बघत होतं. मी नाही गेले.

पाथरवटाला आधीच विचारलं होतं. अक्षरं दोन बोटं खोल आहेत, तो म्हणाला. एक नाव काढायचं तर सगळा पृष्ठभाग तासावा लागेल, तिन्ही जातील, आणि दगड जुना आहे, तडकेल. नवीन साल मात्र अर्ध्या तासात कोरतो.

"कोर मग," मी म्हणाले.

त्यानं आबेलपुढं साल कोरलं. फुंकर मारून भुगा उडवला, तो माझ्या नावावर बसला, आणि त्यानं ओल्या फडक्यानं तेही पुसून दिलं.